कॅन्सरनंतर खोटा स्तन लावायला नकार देणाऱ्या कवयित्री : ऑड्री लॉर्ड

साल १९७८. न्यूयॉर्कमध्ये ४४ वर्षांच्या एका बाईंचा स्तन कॅन्सरमुळे काढावा लागला. ऑपरेशननंतर एक स्वयंसेविका धीर द्यायला आली. तिने ब्रामध्ये घालायला एक मऊ गोळा दिला. त्याचा रंग होता फिकट गुलाबी, म्हणजे गोऱ्या कातडीला शोभेल असा.

या बाई मात्र कृष्णवर्णीय होत्या. नाव ऑड्री लॉर्ड.

१९३४ साली न्यूयॉर्कमध्येच त्यांचा जन्म झाला. आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. लॉर्ड यांनी ग्रंथपालाची नोकरी केली, दोन मुलं वाढवली आणि कवयित्री म्हणून नाव कमावलं. आपण लेस्बियन आहोत हेही त्यांनी उघडपणे मांडलं.

ती स्वयंसेविका बोलली ती दिसण्याबद्दल आणि पुरुषांबद्दल. लॉर्ड यांच्या डोक्यात मात्र मरणाची भीती होती, कामाची चिंता होती, जोडीदार बाईचा विचार होता.

दहा दिवसांनी त्या डॉक्टरांकडे गेल्या, तो गोळा न लावताच. तेव्हा नर्सने सुनावलं, की अशाने इथलं वातावरण बिघडतं. लॉर्ड भडकल्या. सगळ्याच जणी लपवायला लागल्या तर एकीचं दुःख दुसरीला कळणार कसं, हा त्यांचा मुद्दा होता. १९८० साली त्यांनी हे सगळं 'द कॅन्सर जर्नल्स' या पुस्तकात मांडलं.

१९८४ मध्ये कॅन्सर यकृतात पोहोचला. तरी त्या लिहीत राहिल्या. १९९२ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत 'डिस्ट्रेस थर्मामीटर' आलं. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, ते पेशंटने ० ते १० मध्ये सांगायचं. सोबत पैसे, घर, भीती, झोप अशा अडचणींची यादी असते. साधारण ४ किंवा त्याहून जास्त आकडा आला, की पुढची चौकशी करायची.

आज हे कार्ड अनेक भाषांत आहे. पण नुसतं भाषांतर करून भागत नाही. एखाद्या भाषेत 'डिस्ट्रेस'ला नेमका शब्दच सापडत नाही, आणि ४ ची रेषाही सगळीकडे लागू पडत नाही. म्हणून ते त्या त्या लोकांमध्ये तपासून घ्यावं लागतं.

नाहीतर पुन्हा तेच होणार. मदत मिळणार, पण ती दुसऱ्याच कुणाच्या मापाची.