विश्लेषण : गायकाचा आवाज पुसून नवे संगीत घडवणारे किंग टबी कोण होते?

जमैकात एकाच वाद्यसाथीवर अनेक गायक आपापली वेगवेगळी गाणी गातात. बास आणि ड्रम यांच्या या साथीला तिथे ‘रिडिम’ म्हणतात. हीच साथ गाण्याइतकी महत्त्वाची ठरवण्यात किंग टबी यांचा वाटा मोठा आहे. विशेष म्हणजे ते गायक नव्हते, वादकही नव्हते.

सुरुवात कशी झाली?

ऑसबोर्न रडॉक ऊर्फ किंग टबी यांचा जन्म २८ जानेवारी १९४१ रोजी किंग्स्टनमध्ये झाला. रेडिओ व अॅम्प्लिफायर दुरुस्ती हा त्यांचा धंदा. पुढे त्यांनी ‘होम टाऊन हाय-फाय’ ही स्वतःची साउंड सिस्टीम उभी केली. निर्माते ड्यूक रीड यांच्याकडे ते तबकड्या कापण्याचे काम करत. तिथे गाण्यातला आवाज काढून फक्त साथ वाजवली, तर त्यावर नवे काही बोलता येते, हे त्यांनी हेरले. त्यांच्या सिस्टीमवर यू-रॉय यांनी नेमके तेच केले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले.

डब म्हणजे काय?

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला टबी यांनी वॉटरहाउस भागातल्या घरात छोटा स्टुडिओ थाटला. जागा इतकी कमी, की गायकाला बाथरूममध्ये उभे करून ध्वनिमुद्रण होई. इतरत्र मुद्रित झालेल्या टेप इथे येत. टबी त्यातला आवाज मध्येच तोडत, प्रतिध्वनी सोडत, बास पुढे आणत. जुन्याच गाण्याचे नवे रूप तयार होई. हाच ‘डब’. आजच्या रीमिक्सची मुळे त्यात शोधली जातात.

शिष्याने गुरूला मागे टाकले?

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या जॅमी यांनी १९८५ मध्ये कॅसिओ कीबोर्डमधल्या तयार तालावर ‘स्लेंग टेंग’ हा रिडिम आणला. वेन स्मिथ यांच्यापाठोपाठ टेनर सॉ, जॉनी ऑसबोर्न आदींनी त्यावर गाणी केली. वादकांची गरजच संपते की काय, असा प्रश्न उभा राहिला. जुन्या तंत्राचे राजे असलेले टबी हटून बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी अँथनी रेड रोझ यांच्याकडून ‘टेम्पो’ गाऊन घेतले. संथ, जड चालीचा हा डिजिटल रिडिमही गाजला.

अखेर कशी झाली?

६ फेब्रुवारी १९८९ रोजी स्टुडिओतून परतताना घराबाहेरच त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. मारेकरी कधीच सापडले नाहीत. मात्र मिक्सिंगच्या टेबलामागे बसलेला तंत्रज्ञही कलावंत असतो, हे त्यांनी तोवर सिद्ध केले होते.