पापळ ते पुणे : एक वाट, दोन प्रवासी

महाडीबीटीवर फॉर्म भरताना आपल्यापैकी कितीतरी जण दरवर्षी एका नावावर क्लिक करतात : डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. मीसुद्धा तीन वर्षं केलं. उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारकाचा दाखला, होस्टेलची पावती, सबमिट... सुटलो एकदाचे! त्या नावाचा माणूस कोण, हा प्रश्न काही डोक्यात आला नाही.

खरं म्हणजे यायला हवा होता. ज्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचं हे आपलं कॉलेज, तिचे ते संस्थापक. आपण 27 डिसेंबरला त्यांच्या फोटोला हार घालतो. अकोल्यातल्या कृषी विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. आणि मी तर नांदगाव खंडेश्वरचा! त्यांचं पापळ आमच्याच तालुक्यातलं. तरी माझ्याजवळ माहिती किती, तर सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात असते तेवढी दोन ओळींची. शिक्षणमहर्षी, देशाचे कृषिमंत्री. पुढचा प्रश्न!

हा माणूस वाचायला हवा असं वाटायला पुणे स्टेशन कारण झालं. ते कसं, ते सांगतो.

मी जन्मात एसटी सोडून दुसऱ्या कशाने लांब गेलो नव्हतो. आमच्या नांदगावला रेल्वे नाही. अमरावती-यवतमाळ रोडवर गाव, खंडेश्वराच्या मंदिरापासून खाली आलं की एसटी स्टँड, आणि स्टँड म्हणजेच आमचं जग. अकोल्याला ॲडमिशन झाली तीही एसटीनेच. मागच्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू आला आणि पहिल्यांदा रेल्वेचं तिकीट काढलं. महाराष्ट्र एक्सप्रेस, जनरल डबा. मायने दशम्या आणि ठेचा बांधून पाठवला होता, बाबांनी वावरातल्या तुरीच्या पैशातून दोन हजार दिले. राहायची सोय गावच्याच एका मित्राच्या रूमवर ठरली होती. मनमाड गेलं आणि त्याचा मेसेज आला की घरमालक पाहुणे ठेवू देत नाही, नाईलाज आहे, सॉरी.

त्याचा राग नाही. त्याचीही भाड्याची खोली. पण उजाडायच्या आधी पुण्याच्या प्लॅटफॉर्मवर उतरलो तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात पाठ टेकायला दोन फूट जागा नव्हती. लॉजचं भाडं विचारून परत फिरलो. बॅग उशाला घेतली, पण फाइलमध्ये मार्कशिटा असल्याने डोळा लागू दिला नाही. सकाळी स्टेशनच्या नळावर तोंड धुतलं, संडासात शर्ट बदलला आणि इंटरव्ह्यूला गेलो. त्यांनी ऑटो सायकल आणि डिझेल सायकल यांतला फरक विचारला. सेकंड इयरपासून पाठ असलेली गोष्ट! तोंडातून शब्द फुटेना. डोळे आपोआप मिटत होते. व्हायचं तेच झालं, लिस्टमध्ये नाव नाही.

घरी आलो तर बाबांनी निकाल विचारलाच नाही, जेवला होता का एवढंच विचारलं. तेव्हा जास्त वाईट वाटलं.

नंतर लायब्ररीत पंजाबरावांचं चरित्र दिसलं. आमच्या तालुक्याचा माणूस म्हणून उचललं आणि पहिल्याच प्रकरणात थबकलो. कारण त्यातही नांदगावकडचा एक पोट्टा पुण्याला निघाला होता!

पंजाबरावांचा जन्म 27 डिसेंबर 1898 चा. वडील शामराव, आई राधाबाई. मूळ आडनाव कदम, देशमुखी वतनामुळे देशमुख झालं. घर शेतीवरचं. पापळच्या शाळेत तिसरीपर्यंतच वर्ग. आज आपण ॲडमिशन राउंडला कटऑफची काळजी करतो, तेव्हा चौथीसाठीच गाव सोडावं लागायचं. ते चांदूर रेल्वेला गेले. पुढे कारंजा लाड, मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल. नकाशा काढून बघा. दर दोनचार वर्षांनी या मुलाचं बिऱ्हाड हललेलं आहे. ज्या वयात आपल्याला माय हाताने जेवू घालते त्या वयात त्याचं जेवण दुसऱ्याच्या गावात. प्रत्येक वेळी शाळा सापडायची, पण तिच्यासोबत राहायचं कुठे हा प्रश्नही यायचा.

इथे आपल्या रेल्वेचा थोडा इतिहास सांगायला हवा. जीआयपी रेल्वेची मुंबईहून निघालेली लाईन भुसावळ, अकोला, बडनेरा करत 1867 साली नागपूरला पोचली. ती काही वऱ्हाडातल्या पोरांना शिकायला नेण्यासाठी आणली नव्हती. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला. अमरावती मेन लाईनवर नव्हती, तिला बडनेऱ्याहून फाटा जोडला. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी ती आपली लाडकी शकुंतला, आता बंद पडलेली, तीसुद्धा कापसासाठीच टाकलेली. म्हणजे आमच्या भागातून मुंबईला आधी कापसाच्या गाठी गेल्या, माणसं मागाहून. आणि गाठीला मुंबईत गोदाम ठरलेलं असायचं. पोराला काही ठरलेलं नसायचं.

1918 मध्ये पंजाबराव मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. वय एकोणीस. बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड, वाट तीच, जिच्यावरून मी गेलो. माझ्या खिशात मोबाईल होता, तरी माझी ही गत झाली. त्या वेळच्या शेतकऱ्याच्या पोराला पुणं केवढं परकं वाटलं असेल! भाषा मराठीच, पण आपली वऱ्हाडी ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते मला माहीत आहे. शंभर वर्षांपूर्वी ते कमी असेल असं वाटत नाही.

पुण्यात ते दोनच वर्षं राहिले. 1920 मध्ये ते थेट विलायतेला निघाले. कुणबी-मराठा शेतकऱ्याच्या घरातलं पोर त्या काळी विलायतेला जाणं म्हणजे चेष्टा नव्हती. खर्च घराला झेपणारा नव्हता. तिकडे एडिंबरो विद्यापीठात संस्कृत घेऊन एम.ए. केलं, व्हॅन्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळवली, बॅरिस्टर झाले. वेदवाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतली. जरा विचार करा. ज्या समाजाच्या पोरांनी वेद शिकण्याची तेव्हा कोणी अपेक्षाही करत नव्हतं, त्यातला एक जण विलायतेत जाऊन वेदांवरच डॉक्टर होऊन येतो!

1926 मध्ये ते परत आले. आता इथे मी पुस्तक बाजूला ठेवून विचार केला की आपण असतो तर काय केलं असतं? बॅरिस्टर, डॉक्टरेट, मुंबईत वकिली, बंगला. प्रामाणिकपणे सांगतो, मी तेच केलं असतं. ते अमरावतीला आले. आणि सुरुवातीलाच जी कामं हाती घेतली त्यांत कॉलेज नव्हतं. त्यांनी होस्टेल काढलं!

त्याचं नाव श्रद्धानंद छात्रालय. स्वामी श्रद्धानंदांची डिसेंबर 1926 मध्ये दिल्लीत हत्या झाली होती, त्यांच्या नावाने हे छात्रालय. खेड्यातल्या गरीब मुलांसाठी, आणि एकाच जातीच्या नाही, सगळ्या जातींच्या. ते चालवायला मुष्टिफंड होता. मुष्टिफंड म्हणजे घराघरातून मूठ-मूठ धान्य गोळा करायचं. एका मुठीत कोणाचं पोट भरत नाही, पण गावं जोडली की एका पोराचं वर्ष निघतं. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर भार एका खांबावर न टाकता सगळ्यांवर वाटून दिला.

हे वाचलं आणि मला पुणे स्टेशनचा तो नळ आठवला. माझं तिकीट होतं, मार्कशीट होती, अभ्यासही होता. नव्हती ती रात्रीची जागा, आणि तेवढ्यावर सगळं अडलं. पापळहून चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती, पुणे असा फिरलेला माणूस हे विसरला नव्हता. शाळा उघडली म्हणजे पोरगा शिकतो असं नाही. त्याला शाळेच्या गावात रात्र काढता आली पाहिजे आणि ताटात भाकर पाहिजे. मला वाटतं, पंजाबरावांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथे आहे.

कारण पुढे त्यांनी जे जे केलं त्यात हाच विचार दिसतो : दार नुसतं असून चालत नाही, आत जाता आलं पाहिजे. नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं हा तिथला कळीचा विषय. पंजाबराव त्या चळवळीत पुढे होते. त्याच महिन्यात, 26 तारखेला, त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय लग्न केलं. आजही आपल्याकडे अशा लग्नावरून घरात काय रामायण होतं ते सांगायला नको. तेव्हा तर समाजाने मान द्यायला नुकती सुरुवात केली होती, तो मान त्यांनी पणाला लावला. विमलाबाईंनी त्यांना कामात साथ दिली, पुढे त्या स्वतः राज्यसभेत खासदार झाल्या.

1928 मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या करायला लावल्या. 1930 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले, शिक्षण खातं त्यांच्याकडे होतं. सावकारी कर्जात बुडालेल्या कास्तकारासाठी 1933 चा जो कर्ज लवाद कायदा झाला, त्याच्याशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली. म्हणजे क्रम बघा : आधी होस्टेल, मग संस्था. आपण आज उलटं करतो. आधी कॉलेजची बिल्डिंग, होस्टेलचं नंतर पाहू!

पुढे ते संविधान सभेचे सदस्य झाले. 1952 पासून लागोपाठ तीन वेळा अमरावतीचे खासदार. 1952 ते 1962 केंद्रात मंत्री म्हणून शेतीचं काम पाहिलं. 1955 मध्ये भारत कृषक समाज ही शेतकऱ्यांची संघटना उभी केली. 1959 च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर तिथे आले होते. देशाच्या कानाकोपऱ्यातले शेतकरी ते बघायला आले. धोतर-टोपीवाला माणूस आयुष्यात पहिल्यांदा दिल्ली बघतोय, समोर परदेशी ट्रॅक्टर उभा आहे, तो हात लावून बघतोय, हे चित्र मला फार आवडतं. पूर्वी त्या रेल्वेतून शेतकऱ्याचा माल जायचा, आता शेतकरी आला!

10 एप्रिल 1965 ला दिल्लीत भाऊसाहेब गेले. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, आपल्याकडची म्हातारी माणसं आजही तेच म्हणतात. 1969 मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं, आता ते त्यांच्या नावाने आहे.

एक गोष्ट मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्या कास्तकारासाठी हा माणूस आयुष्यभर झटला, त्याच अमरावती-यवतमाळ भागाचं नाव पुढे पेपरात आत्महत्यांसाठी यायला लागलं. आमच्या घरी तीन एकर आहे. कपाशीला भाव नसला की माझी फी कुठून येते ते मला माहीत आहे. म्हणून भाऊसाहेबांचं काम पूर्ण झालं असं मी म्हणणार नाही. हार घालून ते पूर्ण होतही नाही.

असो. भाषण देण्याएवढा मी मोठा नाही. पण पुस्तक संपल्यावर होस्टेलच्या आम्ही सात जणांनी मिळून एक केलं. पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्या सीनियर्सना फोन लावले. त्यातल्या अकरा जणांनी सांगितलं की इंटरव्ह्यूला येणाऱ्या ज्युनिअरला एक रात्र झोपायला जागा आणि सकाळी चहा-पोहे देऊ. त्यांची यादी एका वहीत लिहून ठेवली आहे. मुष्टिफंडच म्हणा ना, फक्त धान्याऐवजी सतरंजी!

मला दुसऱ्या वेळी पुण्याला जायचं काम पडलं तेव्हा त्याच वहीतल्या पहिल्या नंबरवर गेलो. मूर्तिजापूरचा दादा. आधी कधी बघितलेला नाही. रात्री गरम पोळी-भाजी खाऊ घातली आणि पंखा माझ्याकडे फिरवून स्वतः खाली झोपला. दुसऱ्या दिवशी ऑटो सायकल आणि डिझेल सायकल दोन्ही आठवल्या. निकाल अजून यायचा आहे.

वही मुलांच्या होस्टेलमध्ये रूम नंबर 14 ला आहे. मुलींसाठीची वेगळी यादी लेडीज होस्टेलमध्ये सुरू झाली आहे, तिच्यात सध्या चारच नावं आहेत. ज्याला जायचं त्याने नंबर घेऊन जावा. आणि ज्याची नोकरी लागेल त्याने आपलं नाव त्यात लिहून जावं, विसरू नये.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी