डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोम्स : आजाराने थांबविलेली लोकसेवा

केळव्याच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीजकालीन कोटाचे अवशेष पाहिले की, आपले उत्तर कोकण आणि गोवा हे प्रदेश एकेकाळी एकाच सत्तेखाली होते, याची आठवण होते. १७३९ सालच्या प्रारंभी मराठ्यांनी केळवे-माहीम जिंकले आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसईही घेतली. तेव्हापासून दोन्ही प्रदेशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गोवा पोर्तुगालकडेच राहिला आणि १८२२ साली त्याने लिस्बनच्या संसदेसाठी प्रथमच प्रतिनिधी निवडले. या प्रतिनिधींच्या परंपरेतील सर्वांत तेजस्वी नाव डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोम्स यांचे आहे. ऐन उमेदीत क्षयरोगाने त्यांना संसदेच्या कामातून उठविले. त्यांच्या जीवनाची ओळख आम्ही येथे थोडक्यात करून देत आहोत.

डॉ. गोम्स यांचा जन्म ३१ मे १८२९ रोजी सासष्टी तालुक्यातील, मडगावजवळच्या नावेली या गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. १८४२ साली पणजी येथे सुरू झालेल्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि ते लष्करी शल्यचिकित्सक झाले. वैद्यकाबरोबरच इतिहास, अर्थशास्त्र आणि साहित्य यांचाही त्यांना ध्यास होता. फ्रेंच भाषेवर तर त्यांचे इतके प्रभुत्व होते की, पुढे त्यांनी आपले महत्त्वाचे ग्रंथ त्याच भाषेत लिहिले.

१८६० साली गोव्यातील मतदारांनी त्यांना संसदेवर निवडून दिले. जानेवारी १८६१ मध्ये ते सभागृहात आले, तेव्हा समुद्रापारच्या प्रांतांचे प्रतिनिधित्वच काढून घ्यावे, असा विचार तेथे मांडला जात होता. ज्या आसनावर बसण्यासाठी ते हजारो मैलांचा प्रवास करून आले होते, ते आसनच धोक्यात होते. एकतीस वर्षांच्या या नवख्या सदस्याने पहिल्याच भाषणात त्या विचाराचा समाचार घेतला. दूरच्या प्रजेला कायदे पाळावयास सांगायचे आणि ते करण्यात मात्र वाटा द्यायचा नाही, हा अन्याय त्यांनी सभागृहापुढे निर्भीडपणे मांडला. त्या एका भाषणाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्याच वर्षी त्यांनी लामार्तीन या थोर फ्रेंच कवीला पत्र लिहून आपल्या भारतभूमीसाठी स्वातंत्र्य आणि प्रकाश मागितला. भारतीय राष्ट्रीय सभेची स्थापना त्यानंतर चोवीस वर्षांनी झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची दूरदृष्टी समजते.

पुढील आठ वर्षे त्यांनी अखंड परिश्रम केले. १८६१ साली कापसाच्या प्रश्नावरचे आणि १८६७ साली अर्थशास्त्राचे नीती व कायदा यांच्याशी असलेले नाते उलगडणारे असे त्यांचे दोन फ्रेंच ग्रंथ निघाले. १८६६ साली लिस्बन येथे त्यांची ‘ब्राह्मण’ या अर्थाच्या नावाची पोर्तुगीज कादंबरी प्रसिद्ध झाली. १८५७ च्या उठावाच्या काळातील या कथेत त्यांनी जातीचा आणि वर्णाचा गर्व एकाच तराजूत तोलला. जन्माने स्वतःला उच्च मानणारा भारतीय आणि कातडीच्या रंगावरून माणसाला हीन लेखणारा युरोपीय, या दोघांनाही त्यांनी आरसा दाखविला. माणसामाणसांतील ही भिंत ख्रिस्ताच्या प्रेमाच्या शिकवणुकीनेच ढासळेल, अशी त्यांची श्रद्धा होती.

या परिश्रमांतच त्यांची प्रकृती ढासळली. क्षयरोगावर त्या काळी इलाज नव्हता. रोगाचा जंतूच रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे आणला. स्वतः वैद्य असलेल्या डॉ. गोम्स यांना आपल्या दुखण्याचा अर्थ निराळा सांगावा लागला नसेल. १८६९ साली मार्क्विस दी पोंबाल यांच्या सार्वजनिक जीवनावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी लिस्बन सोडून ते मायभूमीकडे निघाले. सुएझ कालवा अद्याप खुला व्हावयाचा होता. अलेक्झांड्रियास उतरून रेल्वेने सुएझ गाठायचे आणि तेथून पुन्हा आगबोट धरायची, असा तो प्रवास निरोगी माणसालाही थकविणारा होता. डॉ. गोम्स गोव्यास पोहोचलेच नाहीत. ३० सप्टेंबर १८६९ रोजी बोटीवरच त्यांनी देह ठेवला आणि सागरातच त्यांचे दफन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे चाळीस वर्षांचे होते. नावेलीच्या मातीत त्यांची कबर नाही.

आजारामुळे पद सोडणाऱ्या लोकसेवकाचे काम अपुरे राहिले, असे आपण सहज म्हणतो. डॉ. गोम्स यांच्याबाबतीत आम्हांस निराळे दिसते. ज्या आसनाच्या रक्षणासाठी ते प्रथम बोलावयास उभे राहिले, ते त्यांच्या जाण्यानंतरही गोव्याकडेच राहिले आणि त्यावर दुसरे गोमंतकीय बसले. पद हे व्यक्तीचे नसते. ते लोकांनी विश्वासाने सोपविलेली ठेव असते. शरीर साथ देईल तोवर ती निष्ठेने सांभाळावी आणि मग पुढच्याच्या हाती सुखरूप जाऊ द्यावी, यातच सेवेचे सार्थक आहे. आज पणजीच्या कांपाल उद्यानात त्यांचा पुतळा आहे, तर नावेलीचे जिल्हा ग्रंथालय त्यांचे नाव मिरविते. पुस्तकांवर प्रेम करणाऱ्या आणि घराच्या ओढीने निघालेल्या या थोर माणसाचे नाव त्याच्याच गावी ग्रंथांच्या सहवासात नांदत आहे, याचे आम्हांस मनापासून समाधान वाटते.