जॉर्ज कोटझियास

जॉर्ज कोटझियास (१६ जून १९१८ – १३ जून १९७७) हे ग्रीक-अमेरिकन वैद्यकीय संशोधक होते. कंपवातावर (पार्किन्सन रोग) लेव्होडोपा हे औषध तोंडावाटे देण्याची परिणामकारक पद्धत त्यांनी सिद्ध केली. दीर्घ उपचारांत या औषधामुळे उद्भवणाऱ्या अनैच्छिक हालचालींचे आरंभीचे तपशीलवार वर्णनही त्यांच्याच गटाने केले.

पूर्वायुष्य

कोटझियास यांचा जन्म क्रीट बेटावरील खानिया येथे झाला. त्यांचे वडील कोस्टास हे अथेन्सचे महापौर होते. १९४१ मध्ये जर्मन सैन्याने ग्रीस व्यापल्यावर हे कुटुंब अमेरिकेत आश्रयास गेले. हार्वर्ड विद्यापीठातून १९४३ मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर कोटझियास पुढे ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रुजू झाले.

संशोधन

चिलीतील मँगॅनीजच्या खाणकामगारांमध्ये विषबाधेमुळे कंपवातासारखी लक्षणे दिसत. कोटझियास यांनी त्यांचा अभ्यास केला. कंपवातात मेंदूतील एका गडद भागाचा रंग फिकट होतो. हे रंगद्रव्य भरून निघावे म्हणून त्यांनी काही पदार्थ रुग्णांना देऊन पाहिले. त्वचेचा रंग गडद करणाऱ्या संप्रेरकाने लक्षणे बळावली. डोपाने मात्र ती कमी झाली.

कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची कमतरता असते, हे व्हिएन्नातील संशोधकांनी १९६० मध्ये दाखवले होते. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही; डोपा शिरतो आणि तेथे त्याचे डोपामिन होते. तथापि आधीच्या प्रयोगांतील अल्प मात्रांचा लाभ क्षणिक किंवा अनिश्चित ठरला होता. कोटझियास यांनी मात्रा अल्पशी ठेवून आरंभ केला आणि ती सावकाश वाढवत नेली, त्यामुळे मळमळ सुसह्य झाली. १९६७ मध्ये त्यांनी दिवसाला ३ ते १६ ग्रॅम डोपा दिलेल्या १६ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी निम्म्यांत ठळक सुधारणा झाली होती. काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याने पुढे शुद्ध लेव्होडोपा वापरण्यात आला.

दुष्परिणामांची नोंद

१९६९ मधील २८ रुग्णांच्या वृत्तान्तात लाभाबरोबरच सुमारे निम्म्या रुग्णांतील अनैच्छिक हालचालींचे वर्णन होते. जे औषध जखडलेले शरीर मोकळे करी, तेच काही काळाने त्याला नको तेव्हा हलवू लागे. निरोगी चेतापेशी डोपामिन साठवून बेताने सोडतात. रोगाने त्या नष्ट होत गेल्या की ही साठवण संपते आणि औषधाच्या प्रत्येक मात्रेबरोबर डोपामिनची पातळी एकदम चढते व उतरते. या चढउताराशी डिस्कायनेशिया या विकाराचा संबंध जोडला जातो. मात्रा घटवल्यास हालचाली कमी होत, परंतु ताठरपणा परतण्याचा धोका राही. आहारातील प्रथिनांचा औषधाच्या परिणामावर होणारा प्रभावही त्यांच्या गटाने १९७५ मध्ये मांडला.

सन्मान आणि मृत्यू

कोटझियास यांना १९६९ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे न्यू यॉर्क येथे निधन झाले. लेव्होडोपा हे आजही कंपवातावरील प्रमुख औषध असून डिस्कायनेशिया टाळणे हे संशोधनापुढील आव्हान राहिले आहे.