काडतुसाच्या मापाने पिस्तूल घडविणारा कारागीर

पिस्तूल कितीही देखणे असले, तरी पहिली गोळी सुटल्यावर दुसरी आपोआप नळीत चढली नाही, तर हातात उरतो तो लोखंडाचा ठोकळा. समोर शत्रू उभा असताना अशा ठोकळ्याचा काही उपयोग नसतो. जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी हयातभर ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, तो हाच होता.

अमेरिकेतील युटा प्रांतात, ऑग्डेन या गावी २३ जानेवारी १८५५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील जोनाथन हे मॉर्मन पंथाचे आणि धंद्याने बंदुका घडविणारे. साहजिकच जॉन यांचे खरे शिक्षण वडिलांच्या कर्मशाळेतच झाले. १८७९ मध्ये एकबारी रायफलीचे पेटंट त्यांच्या नावे झाले. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने तिचे हक्क आठ हजार डॉलरना विकत घेतले. हा संबंध १९०२ पर्यंत टिकला आणि पुढे मोबदल्याच्या वादातून तुटला.

त्यांच्या विचाराला कलाटणी मिळाली ती १८८९ मध्ये. नेमबाजीच्या वेळी बंदुकीच्या तोंडातून सुटणाऱ्या वायूच्या झोताने पुढचे गवत वाकताना त्यांनी पाहिले. हे हजारोंनी पाहिले असेल; पण वाया जाणारा हा जोर बंदूक पुन्हा भरण्याच्या कामी जुंपता येईल, हे त्यांच्या मनात आले. त्यातूनच त्यांच्या स्वयंचलित शस्त्रांची मालिका सुरू झाली.

पिस्तुलात हे काम धक्क्याच्या जोरावर होते. गोळी पुढे सुटते, त्याच क्षणी वरची स्लाइड मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंग दाबते. मग स्प्रिंग स्लाइडला पुढे लोटते व मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत सारले जाते. डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी हे सारे उरकते. येथे काडतूस हे केवळ खाद्य नसून यंत्राचाच एक भाग असते. दारूचा जोर कमी पडला तर स्लाइड अर्ध्यावरच थबकते. जास्त झाला तर तिचे घाव सांगाड्यावर बसू लागतात. गोळीचे टोक गोलसर आणि कवच धातूचे असेल, तर ती उतरणीवरून अलगद नळीत चढते. पुढील काळात पोकळ टोकाच्या गोळ्या आल्या, तेव्हा जुनी पिस्तुले त्यांवर अडखळू लागली. दोष पिस्तुलाचा नव्हता, गोळीचाही नव्हता. जोडी तेवढी मोडली होती.

पुंगळीच्या बुडाच्या कडेचीही अशीच कथा आहे. ब्राउनिंग यांच्या सुरुवातीच्या काडतुसांना किंचित बाहेर आलेली कड होती. मॅगझिनमध्ये एकीची कड दुसरीत अडकण्याची भीती त्यामुळे राही. .४५ च्या काडतुसात ही कड पुंगळीच्या अंगाबरोबर आणली गेली. आता काडतूस आपल्या पुंगळीच्या तोंडावर नळीत टेकू लागले. म्हणजे पुंगळीची लांबी काटेकोर असणे क्रमप्राप्तच झाले.

एवढे मोठे काडतूस हवे कशाला, याचे उत्तर फिलिपाइन्समध्ये होते. तेथील मोरो योद्ध्यांना अमेरिकी सैनिकांच्या .३८ रिव्हॉल्वरच्या गोळ्या रोखू शकत नसत. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर आणि मृतदेहांवर चाचण्या घेतल्या. त्या आज वाचतानाही अंगावर काटा येतो. निष्कर्ष असा निघाला, की .४५ पेक्षा लहान गोळी नको. अखेर २३० ग्रेनची, म्हणजे सुमारे १५ ग्रॅमची, सेकंदाला अडीचशे मीटरहून थोडी अधिक वेगाने जाणारी जड गोळी ठरली. तिचा धक्का पेलण्यासाठी ब्राउनिंग यांनी नळी व स्लाइड एकमेकींत अडकवली. दोन्ही थोडे अंतर बरोबर मागे येत. वायूचा दाब ओसरला, की एका छोट्या दुव्यामुळे नळी खाली झुके आणि स्लाइड मोकळी होई.

मार्च १९११ मध्ये अंतिम परीक्षा झाली. कोल्ट कंपनीने बनविलेले ब्राउनिंग यांचे पिस्तूल आणि सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल, दोन्हींतून सहा सहा हजार गोळ्या झाडण्यात आल्या. पिस्तूल तापले, की पाण्यात बुचकळायचे आणि पुन्हा झाडायचे. सॅव्हेज ३७ वेळा अडकले. ब्राउनिंग यांचे एकदाही नाही! २९ मार्च रोजी सैन्याने त्याचा स्वीकार केला आणि १९८५ पर्यंत ते अमेरिकी सेनेचे अधिकृत पिस्तूल राहिले.

कारागिराचे शस्त्र कोणाच्या हाती जाईल, हे त्याच्या हाती नसते. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या झाली, ती ब्राउनिंग यांच्याच रचनेच्या, बेल्जियममध्ये बनलेल्या पिस्तुलाने.

१२८ पेटंटांचा हा धनी अखेरपर्यंत काम करीत राहिला. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममध्ये लिएज येथील एफएन कारखान्यात, पुत्र व्हॅल यांच्या कार्यालयात, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ऑग्डेनच्या दफनभूमीत ते चिरनिद्रा घेत आहेत. त्या वेळी एक पिस्तूल अपुरे होते. गंमत अशी, की त्याचे ९ मिलिमीटरचे काडतूस त्यांचे स्वतःचे नव्हते. ते जर्मनीच्या गेओर्ग लुगर यांचे. द्यूदोने सेव्ह या सहकाऱ्याने ते काम पुरे केले आणि १९३५ मध्ये तेरा गोळ्यांच्या मॅगझिनचे ‘हाय पॉवर’ बाजारात आले. पुढे बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात याच रचनेवरून भारतीय लष्करासाठी ९ मिलिमीटरची पिस्तुले बनू लागली.