निरक्षर बायकांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी दिली आणि बालमृत्यू मोजून दाखवले, त्या डॉ. मेबल आरोळेंची गोष्ट

पालघर तालुक्यातलं शिरगाव. एका बाजूला समुद्र आणि जुना किल्ला, वर गेलं की बोईसर-तारापूरचे कारखाने. आत जव्हार-मोखाड्याकडे वळलं की कुपोषणाच्या बातम्यांमधून माहीत झालेले पाडे. या सगळ्या गावांमध्ये एक बाई कायम दिसते. हातात रजिस्टर, खांद्याला पिशवी. आशाताई.

तिच्या रजिस्टरमध्ये किती गरोदर बायकांची नोंद झाली, किती बाळांना डोस दिले, हे सगळं असतं. पण तिच्या कामामुळे किती मुलं वाचली, हे कसं ठरवायचं?

हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी जामखेडमध्ये एका जोडप्यानं अंगावर घेतला होता. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे.

मेबल यांचा जन्म १९३५ चा, जबलपूरचा. डॉक्टरकीचं शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झालं. तिथंच सोबत शिकणारे रजनीकांत भेटले. ते नगर जिल्ह्यातल्या राहुरीचे. १९६० मध्ये दोघांनी लग्न केलं आणि नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये कामाला लागले.

तिथं एक गोष्ट सारखी खटकत राहिली. जुलाबानं सुकलेलं मूल यायचं, बरं होऊन घरी जायचं आणि काही दिवसांनी तेच मूल पुन्हा यायचं. घरचं पाणी तेच, ताटातलं अन्न तेच. आजार गावात होता आणि डॉक्टर हॉस्पिटलमध्ये बसले होते.

मग दोघं अमेरिकेत गेले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७० मध्ये जामखेडला आले. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. कायमचा दुष्काळी भाग. दवाखाना सुरू झाला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत.

सुरुवातीला त्यांनी गावोगावी नर्स पाठवायचं ठरवलं. ते जमलं नाही. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात राहायला तयार नव्हत्या आणि गावालाही त्या परक्या वाटायच्या. मग गावातल्याच बाईला शिकवायचं ठरलं.

निवडलेल्या बायकांपैकी कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. अनेकजणी दलित समाजातल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. १९७० च्या दशकात ही साधी गोष्ट नव्हती. मेबल त्यांना शिकवायच्या: बाळंतपण सुरक्षित कसं करायचं, जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं, क्षयाचा आणि कुष्ठरोगाचा पेशंट कसा ओळखायचा. पुढच्या आठवड्यात गावात काय झालं ते ऐकून घ्यायच्या. हे शिकवणं वर्षानुवर्षं चालू राहिलं.

गावात किती मुलं जन्मली आणि किती दगावली, याचा हिशोब सुरुवातीपासून ठेवला गेला. प्रकल्पाच्या नोंदीनुसार १९७१ मध्ये जन्मलेल्या दर १००० बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. म्हणजे साधारण सहातलं एक. १९७६ मध्ये हा आकडा ५२ वर आला.

जगानं दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये पद्मभूषण.

पण इथं एक अडचण होती. त्याच काळात गावांमध्ये बोअर घेतले जात होते, मुलांना पोषक आहार मिळत होता, जामखेडला हॉस्पिटलही होतं. मग मुलं वाचली ती आरोग्यसेविकेमुळे, पाण्यामुळे की हॉस्पिटलमुळे? आणि त्या काळात बालमृत्यू देशभरच कमी होत होते. नुसते आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून याचं उत्तर मिळत नाही.

सरकारनंही असा प्रयोग केला. २ ऑक्टोबर १९७७ ला देशभर योजना सुरू झाली. हजार लोकांमागे एक आरोग्यसेवक, तीन महिन्यांचं ट्रेनिंग, महिन्याला ५० रुपये मानधन. काही लाख सेवक तयार झाले. पण निवडले गेले ते बहुतेक पुरुष, जे बाळंतिणीच्या खोलीत जाऊ शकत नव्हते. ट्रेनिंग संपलं की पाठीशी उभं राहणारंही फारसं कोणी नव्हतं. किती जण तयार केले हा आकडा मोठा होता, पण योजना टिकली नाही.

मेबल पुढे युनिसेफसाठी दक्षिण आशियात काम करत राहिल्या. १९९४ मध्ये दोघांनी जामखेडवर पुस्तक लिहिलं. १९९९ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या पश्चात अकरा वर्षांनी, २०१० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. यात जामखेड प्रकल्पातली गावं आणि प्रकल्पाबाहेरची गावं यांची तुलना केली होती. १९९२ ते २००७ या काळातल्या जन्म-मृत्यूंची माहिती आयांना विचारून गोळा केली होती. प्रकल्पाच्या गावांमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे फरक खरा होता, आणि सुरुवातीची हवा ओसरल्यावरही टिकला होता. मात्र हे श्रेय सगळ्या कामाचं मिळून आहे. एकट्या सेविकेचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही.

२००५ पासून देशात आशाताई आल्या. यावेळी बायकाच निवडल्या गेल्या, हा धडा घेतला गेला. पण त्यांचा बराचसा मोबदला कामागणिक ठरतो, त्यामुळे रजिस्टरमध्येही कामंच मोजली जातात.

जामखेडनं दाखवलं ते इतकंच. गावातली साधी बाई हे करू शकते, पण तिला एकटं सोडून चालत नाही. आठवड्याला शिकवणारं, चुकलं तर सांभाळून घेणारं कोणीतरी लागतं. पाणी लागतं, अन्न लागतं, वेळेला पोहोचता येईल असं हॉस्पिटल लागतं. शिरगावच्या आशाताईचं काम तपासायचं असेल, तर तिच्या रजिस्टरच्या आधी तिच्या पाठीशी काय उभं केलंय ते तपासावं लागेल.