प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिनची नोकरी एका चिमट्यापायी गेली होती
१८९६ ला मुंबईत प्लेग पसरला. सरकारने कॉलऱ्याच्या लसीवर काम करणाऱ्या वाल्डेमार हाफकिनला कलकत्त्याहून बोलावलं. गडी मूळचा ओडेसाचा. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. तेवढ्यावर त्याने ३ महिन्यांत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली.

पण १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवालमध्ये एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. खापर फुटलं हाफकिनवर, तो निलंबित झाला. खरं तर बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं, पण मुंबईचं प्रमुखपद काही परत मिळालं नाही. परळच्या त्याच प्रयोगशाळेला १९२५ ला त्याचं नाव दिलं, तीच आजची हाफकिन संस्था.